चार हजार फॉलोअर, पण ऑर्डरी दोनच

तू लिहिलंयस, की बेळगावजवळच्या खानापूरला राहतेस, जलरंगात निसर्गचित्रं करतेस, इन्स्टाग्रामवर ४,००० फॉलोअर झालेत, पण वर्षभरात ऑर्डरी दोनच आल्या आणि त्याही नात्यातल्या. आता पैसे भरून जाहिरात करावी का, हा तुझा प्रश्न. वयानं माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून एकेरीत लिहितो.

जाहिरातीत आत्ता एक रुपयाही घालू नकोस. तुझं खातं सावकाश बघितलं. पावसातली कौलारू घरं फार छान उतरलीत. ओल्या कौलांचा तो काळपट तांबडा सहजासहजी जमत नाही. पण एकाही चित्राखाली आकार नाही, किंमत नाही, चित्र विकायचं आहे का तेही नाही. आपल्याकडं लोक चित्राची किंमत विचारायला संकोचतात. 'मस्त' लिहितात आणि पुढं जातात. किंमत दिसली की ज्याला परवडते तो निदान थांबतो.

माझं सांगतो. मी बेळगावच्या शहापुरात बसून पोर्ट्रेटं करतो. ऑनलाइन आलो तेव्हा पहिली दोन वर्षं सिनेनटांची पेन्सिलचित्रं टाकली. लाइक भरपूर, काम शून्य. मग निपाणीकडच्या एका घरातून आजोबांचा फोटो आला, पासपोर्टएवढा, पाण्यानं डागाळलेला. फेट्याचा रंग कुणाला आठवेना. तिघा भावांनी तीन रंग सांगितले. शेवटी आजीला फोन लावला. ती म्हणाली, "अबोली हुता. लग्नातलाच फेटा जपून बांधायचे." घरच्यांची परवानगी घेऊन मी ते काम नऊ दिवस थोडं थोडं मोबाइलवर टिपलं आणि प्रत्येक तुकड्यात आपल्या भाषेत बोललो. 'फोटोत डावा कान दिसत नाही, तो थोरल्या मुलाचा बघून काढतोय.' 'अबोली आज तिसऱ्यांदा चुकला.' महिन्याभरात पाच जणांनी विचारणा केली, आणि पाचही घरांत तसाच एखादा जुना फोटो होता.

तुझ्या चित्रांना नेमकं हेच हवंय. 'पावसाळी सकाळ' असं नाव दिलंस तर ते घर कुणाचंच नसतं. हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर, कणकुंबीला उगमाजवळची मलप्रभा, राजहंसगडाचा बुरूज, असं ठिकाणाचं नाव मराठीत आणि कन्नडमध्येही लिही. या गावांतली किती माणसं पुण्यात, गोव्यात, बेंगळुरूत नोकरीला आहेत! भिंतीवर गाव हवं असतं त्यांना. के. बी. कुलकर्णींनी बेळगावात राहून चित्रकार घडवले. त्यांच्याकडं शिकलेल्या रवी परांजप्यांना कामासाठी मुंबई गाठावी लागली. तुला घर न सोडता तिथल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचता येतंय, याचं मला फार अप्रूप आहे.

ज्यानं एकदा विचारलं त्याचा नंबर व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत घाल, अर्थात त्याला विचारून. त्यानं तुझा नंबर सेव्ह केला असेल तरच संदेश पोचतो, तेव्हा तेही सांग. माझी यादी १४० जणांची आहे आणि माझं निम्म्याहून जास्त काम तिथूनच येतं.

यूट्यूबच्या जाहिरातींवर घर चालेल असं धरू नकोस. त्यातला वाटा मिळायलाच १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास बघितलं जावं लागतं, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. तिथं शिकवण्याचे व्हिडिओ टाक. त्यातून रविवारच्या ऑनलाइन वर्गाला मुलं येतात, आणि वर्गाची फी दर महिन्याला येते. प्रिंटसाठी चित्र नीट स्कॅन करून ठेव. ए४ ला ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. नेटवर मात्र लहान फाइलच टाक.

आता एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. एका दुकानदारानं पैसे देऊन माझ्याकडून गणपतीचं चित्र करून घेतलं आणि पुढं त्याची कॅलेंडरं छापून वाटली. मी भांडायला गेलो, तर कायदा त्याच्या बाजूनं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं, कुणी मोबदला देऊन चित्र किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तोच. म्हणून ऑर्डर घेताना चार ओळी लिहून सही घे: कॉपीराइट माझ्याकडं, चित्र तुमच्या घरात लावायला. निम्मे पैसे आगाऊ. नात्यातल्यांकडूनही. तुझ्या त्या दोन ऑर्डरींचे पैसे पूर्ण आले का, हे तू लिहिलेलं नाहीस.

आणि आपलं कोल्हापूर हाकेवर असलं तरी जीएसटीच्या दृष्टीनं परराज्य आहे. ठरावीक उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही, पण वस्तू परराज्यात विकताना ही सवलत सरसकट मिळत नाही, हस्तकलेच्या वस्तूंना वेगळी सूट आहे. पहिलं पार्सल घाटापार जायच्या आधी एखाद्या सीएकडं तासभर बस.

पावसाळ्यात खानापुरातून कागद पाठवताना तो आधी पूर्ण वाळू दे, प्लास्टिकमध्ये सिलिका जेलची पुडी घाल, मग पीव्हीसी पाइपात. माझ्या एका चित्राला वाटेतच बुरशी धरली होती, ते परत काढून द्यावं लागलं.

हलशीचं चित्र केलंस की आकार-किमतीसकट मला पाठव. माझ्या यादीत त्या बाजूचे सात-आठ जण आहेत, त्यांना दाखवतो.