फ्रेंच सब्जाँक्तिफचे भूतकाळ: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांमध्ये सब्जाँक्तिफच्या, म्हणजे इच्छा, भावना, गरज सांगताना येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाच्या, भूतकाळाबद्दल विचारलं आहे. फ्रेंच वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न: सब्जाँक्तिफला पासे, अँपार्फे आणि प्ल्यूस-क-पार्फे असे तीन भूतकाळ आहेत. देल्फ बी-२ या फ्रेंचच्या परीक्षेसाठी तिन्ही पाठ करू का? (विद्यार्थिनी, पुणे)

पाठ करायचा तो फक्त पासे. आज फ्रेंच माणूस बोलताना आणि रोजचं लिहिताना प्रेझाँ (वर्तमान) आणि पासे या दोनच रूपांवर सगळं भागवतो. बाकीची दोन वाचताना ओळखू आली की पुरे.

पासे बनवणं सोपं आहे. आव्ह्वार (जवळ असणे) किंवा एत्र (असणे) या साहाय्यक क्रियापदाचं सब्जाँक्तिफ प्रेझाँ घ्यायचं आणि पुढे पार्तिसिप पासे (भूतकालवाचक धातुसाधित) जोडायचं: ‘क त्यू ए फिनी’, ‘किल स्वा व्हन्यू’. एत्र असेल तर लिंग-वचनाप्रमाणे शेवट बदलतो, हे परीक्षेच्या घाईत हमखास विसरलं जातं.

प्रश्न: ‘झ वूले किल व्हिएन’ म्हणजे त्याने यावं अशी माझी इच्छा होती. इच्छा भूतकाळातली, मग ‘व्हिएन’ हे प्रेझाँ कसं? पासे का नाही? (नोकरी करणारे वाचक, नाशिक)

सगळा घोळ ‘पासे’ या नावामुळे होतो. घटना काल घडली की उद्या घडणार, याच्याशी या रूपाला देणंघेणं नाही. मुख्य क्रियापदाच्या क्षणी, किंवा वाक्यात दिलेल्या वेळेपर्यंत, ती पूर्ण झालेली आहे का, एवढंच पाहायचं. झालेली असेल तर पासे. त्याच वेळी किंवा नंतर घडणार असेल तर प्रेझाँ.

‘झेते काँताँ किल व्हिएन’ म्हणजे तो येणार म्हणून मी खूश होतो. ‘झेते काँताँ किल स्वा व्हन्यू’ म्हणजे तो आला होता म्हणून मी खूश होतो. दोन्ही वाक्यांत ‘झेते’ तेच आहे. आता हे पाहा: ‘इल फो क त्यू ए फिनी आव्हाँ मिदी’, दुपारच्या बारापर्यंत तुझं काम झालेलं असलं पाहिजे. बारा अजून वाजायचे आहेत, तरी रूप पासेच, कारण काम बाराच्या आत पुरं झालेलं हवं.

आपल्याला हे जड जायला नको. ‘त्याने यावं अशी माझी इच्छा आहे’ आणि ‘इच्छा होती’, दोन्हीकडे ‘यावं’ हलत नाही. आजची फ्रेंचही तसंच करते.

जुन्या नियमाने मात्र इथे अँपार्फे लागे: ‘झ वूले किल व्हँ’. फ्रान्सचे शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांच्या २६ फेब्रुवारी १९०१ च्या आदेशाने परीक्षांमध्ये पहिली सूट दिली, पण मुख्य क्रियापद काँदिसियोनेलमध्ये (‘असतं तर’ अशा अर्थाच्या रूपात) असेल तरच. म्हणजे ‘इल फोद्रे किल व्हिएन’ (त्याने यायला हवं) चालू लागलं. मुख्य क्रियापद भूतकाळी असतानाची सूट २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशात आली. बोलणारे लोक त्याच्या कितीतरी आधी पुढे निघून गेले होते.

प्रश्न: मी पोर्तुगीज शिकले आहे. तिथे ‘फालास’ हे रूप रोजच्या बोलण्यात आहे. फ्रेंचमधलं ‘पार्लास’ त्याचंच भावंड दिसतं, मग ते का मेलं? (मडगाव)

फार छान प्रश्न. दोन्ही रूपं लॅटिनच्या सब्जंक्टिव्हमधल्या एकाच काळातून आली आहेत, त्यामुळे तुमचा अंदाज बरोबर आहे. पण दोन्ही भाषांमध्ये हे रूप साध्या भूतकाळाच्या धातूवर उभं आहे. पोर्तुगीजमध्ये तो भूतकाळ बोलण्यात ठणठणीत आहे. फ्रेंचमध्ये तो साधा भूतकाळ, म्हणजे पासे सँप्ल, बोलण्यातून गेला, त्याची जागा साहाय्यक क्रियापदाने बनणाऱ्या पासे काँपोझेने घेतली आणि त्याच्यावर उभं असलेलं अँपार्फेही ओसरलं. शिवाय ‘नू पार्लासियाँ’, ‘व्हू पार्लासिए’ हे आवाज फ्रेंच कानालाच जड वाटतात. त्यातल्या त्यात तृतीय पुरुष एकवचन टिकलं, तेही छापील मजकुरात.

तुम्हाला एक सावधगिरी सांगते. पोर्तुगीजच्या सवयीने ‘जर’च्या वाक्यात सब्जाँक्तिफ घालू नका. पोर्तुगीज ‘से एउ फालास’चं (मी बोललो असतो तर) फ्रेंच ‘सि झ पार्ले’, म्हणजे सब्जाँक्तिफचं नव्हे, तर अँदिकातिफचं (घडलेलं सरळ सांगणाऱ्या रूपाचं) साधं अँपार्फे.

प्रश्न: जुन्या कादंबरीत ‘फ्यू’ कधी टोपीसकट (अक्षरावरची ^ ही खूण), कधी बिनटोपीचं दिसतं. फरक काय? (वाचनालयातील फ्रेंच गट, मुंबई)

बिनटोपीचं ‘फ्यू’ हे पासे सँप्ल. यूवर टोपी असेल तर सब्जाँक्तिफ अँपार्फे. उच्चार अगदी सारखा. ‘आप्रे किल फ्यू पार्ती’ (तो गेल्यावर) यात टोपी नाही, कारण ‘आप्रे क’नंतर घडून गेलेली गोष्ट येते आणि ती अँदिकातिफमध्ये सांगतात. ‘आव्हाँ किल फ्यू पार्ती’ (तो जाण्याआधी) यात टोपी हवीच, कारण ‘आव्हाँ क’नंतर सब्जाँक्तिफ येतो. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणेने आय आणि यूवरच्या बऱ्याच टोप्या काढल्या, पण ही ठेवली. योग्यच केलं, नाहीतर वाचणाऱ्याला दुसरा आधार उरत नाही.

‘आप्रे क’नंतर सब्जाँक्तिफ वापरणारे फ्रेंच लोक आज भरपूर भेटतील. ‘आव्हाँ क’ची ओढ जबरदस्त आहे. तुम्ही परीक्षेत मात्र ते करू नका.

कादंबरीत ‘सिल यू स्यू, इल फ्यू व्हन्यू’ असं वाक्य आलं, दोन्ही क्रियापदांवर टोपी असली, तर ते सब्जाँक्तिफचं प्ल्यूस-क-पार्फे. अर्थ साधा: त्याला माहीत असतं तर तो आला असता. आज तेच ‘सिल आव्हे स्यू, इल सरे व्हन्यू’ असं म्हणतात.

प्रश्न: ‘ला प्ल्यू बेल व्हिल क झे व्यू’ लिहिताना ‘झे’ कुठलं, अँदिकातिफचं की सब्जाँक्तिफचं? ऐकून कळत नाही. (ठाणे)

‘मी पाहिलेलं सर्वांत सुंदर शहर’ अशा ‘सर्वांत’च्या वाक्यात सब्जाँक्तिफ येतो, म्हणून शेवटी मुका ई असलेलं ‘झे’. कान फसतो तिथे कर्ता बदलून पाहा: ‘त्यू आ व्यू’ म्हणावंसं वाटतं की ‘त्यू ए व्यू’? ‘ए’ आलं तर सब्जाँक्तिफ. आणि ‘व्हिल’ स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘व्यू’लाही शेवटी ई लावा.