मुलूच्या गुहा: भीमगडच्या रानाची सवय तिथे किती कामाला येते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही आणि धाकटा भाऊ बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडला वाढलात, भीमगडकडच्या जांबोटी-हेम्माडग्याच्या रानात लहानपणापासून फिरलात, आणि आता डिसेंबरच्या सुट्टीत पाठीवर सॅक टाकून बोर्नियो बेटावर, मलेशियाच्या सारावाक राज्यातल्या गुनुंग मुलू राष्ट्रीय उद्यानात जायचं म्हणताय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: चार दिवस पुरतील का, वाटाड्याशिवाय फिरता येईल का, आणि पिनॅकल्सची, म्हणजे तिथल्या चुनखडीच्या सुळक्यांकडची चढण जमेल का. मी दोनदा जाऊन आलोय, त्यावरून सांगतो.

चार दिवस पुरत नाहीत. गुहांमध्ये वाटाड्याशिवाय सोडतच नाहीत. पिनॅकल्स तुम्हाला झेपेल, पण वर पोचणार की नाही ते त्या दिवशीच्या पावसावर आणि तुमच्या घड्याळावर ठरेल.

आता सवयीबद्दल. आपल्याकडे कणकुंबी, आमगाव भागात पाऊस किती कोसळतो ते तुम्हाला सांगायला नको. पण आपला पाऊस चार महिने पडतो आणि थांबतो. दसरा झाला की रान उघडतं, फेब्रुवारी-मार्चला पायाखाली पाला वाजायला लागतो. मुलूला असं उघडणं नाही. बाराही महिने पाऊस आहेच, वर्षाला चार-पाच मीटर. डिसेंबर तर तिकडे जास्त पावसाचा. सकाळ बरी जाते, दुपारी भरून येतं, आणि मग संध्याकाळचं सगळं त्यावर. धुतलेला शर्ट दोन दिवसांनी हातात घेतला तरी ओलाच. आपल्या रानात आपण वाट चुकलो तर ओढा धरून खाली उतरतो, तहान लागली तर झऱ्याला तोंड लावतो. तिथल्या चुनखडीच्या डोंगरावर हे चालत नाही. पडलेला पाऊस फटींतून थेट आत जातो, वर ओढा राहतच नाही. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तेच पाणी किंचित आम्ल होतं आणि लाखो वर्षं खडक विरघळवत राहतं. मुलूच्या गुहा त्यातूनच झाल्या. म्हणजे जगातली मोठमोठी भुयारं ज्या पाण्यानं कोरली, त्याच पाण्याचा थेंबसुद्धा वरच्या वाटेवर मिळत नाही. पिनॅकल्सला माणशी तीन लिटर पाणी न्या, कमी नको.

दिवस का वाढवायचे, ते डिअर केव्हच्या वटवाघळांवरून सांगतो. पार्कच्या कचेरीपासून गुहेपर्यंत साधारण तीन किलोमीटरची लाकडी पायवाट आहे. गुहेत तीस लाखांच्या आसपास वटवाघळं राहतात असा अंदाज आहे. संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर ती किडे खायला बाहेर पडतात, पण पाऊस असेल तर बहुतेक पडत नाहीत. पहिल्या संध्याकाळी चार वाजता पाऊस लागला. आम्ही वीस-पंचवीस माणसं गुहेसमोरच्या मोकळ्या जागेत छत्र्या घेऊन अंधार पडेपर्यंत बसलो आणि परतलो. दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्याबरोबरचे दोघे तिसऱ्या सकाळी विमानाने गेले, त्यांचे तीनच दिवस होते. त्याच संध्याकाळी आभाळ स्वच्छ झालं. कातळाच्या कडेला आधी एक कडं दिसलं, बांगडीएवढं. ते फिरत फिरत वर चढलं, सुटलं, लांबलं आणि दोरीसारखं वळत रानावरून निघून गेलं. मागून दुसरं, तिसरं, मग खंडच नाही. आवाज येत होता, घरी आजी सुपात तांदूळ पाखडायची तसा, पण खूप लांबून. मध्येच एक ससाणा त्या दोरीत तिरका घुसला, दोरी फाटली आणि लगेच सांधली गेली. पाऊण तास मान वर करून उभा होतो. ते दोघे तेव्हा मिरी शहराच्या विमानतळावर असतील, याची हळहळ मला अजून आहे.

आणि ही वटवाघळं आपल्याला परकी नाहीत बघा. शेपूट पडद्याबाहेर मोकळं असणाऱ्या वटवाघळांचं जे कूळ आहे, त्यातलीच ही. त्याच कुळातलं राउटनचं वटवाघूळ आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या बारापेडे गुहांमध्ये राहतं. १९१३ साली शास्त्रात त्याची नोंद झाली आणि त्यानंतर कितीतरी दशकं जगात ते फक्त तिथलंच म्हणून माहीत होतं. पुढे मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. २०११ साली भीमगड अभयारण्य झालं, १९० चौरस किलोमीटरचं, त्यामागे या वटवाघळाचाही मोठा वाटा आहे. बारापेडेला आज कुणालाही असंच जाता येत नाही आणि ते योग्यच आहे. मुलूला गेल्यावर "गाईड कशाला, आम्ही रानातलीच माणसं" असं मनात आलं तर बारापेडे आठवा. तिथले वाटाडे बहुतेक बेरावान आणि पेनान लोक आहेत. हे रान त्यांच्या वाडवडिलांचं. आपल्या गवाळी-तळेवाडीचा माणूस जसा पायवाट सांगताना दगड, झाड, उतार अशी खूण देतो, तसेच ते बोलतात. त्यांना घाई करू नका. त्यांच्या मागून चाललात तर दुप्पट दिसेल. डिअर केव्हमध्ये भिंतीवरचा काटेरी किडा, लाकडाच्या कठड्यावर झोपलेला साप, मला एकट्याला एकही दिसला नसता.

डिअर आणि लँग या दोन गुहा एका दुपारी होतात. क्लिअरवॉटर आणि विंड केव्हला सकाळी होडीने नेतात, वाटेत पेनान वस्तीवर थांबतात. क्लिअरवॉटरची भुयारं आतापर्यंत दोनशे किलोमीटरच्या वर मोजली गेली आहेत, आपण बघतो तो त्यातला तुकडा. आतून नदी वाहते. बाहेर आल्यावर तिच्याच पाण्याच्या डोहात पोहता येतं, तेव्हा कपडे त्या तयारीने घाला. सारावाक चेंबर मात्र डोक्यातून काढा. लांबी ६०० मीटर, रुंदी ४३५, आत एक खांब नाही, जगातलं सगळ्यात विस्तीर्ण दालन म्हणून त्याचं नाव आहे, पण गुहेत दोर धरून चालण्याचा अनुभव दाखवल्याशिवाय तिकडे नेत नाहीत. कचेरीत साहसी गुहांच्या वेगवेगळ्या पातळ्या मिळतात, भावाला हौस असेल तर आधी सोपी एक करू दे.

आता पिनॅकल्स. तीन दिवस, दोन रात्री लागतात. होडीने मेलिनाऊ नदीतून वर जायचं, मग कॅम्प फाइव्हपर्यंत ८.८ किलोमीटर सपाट रानवाट. पाणी उथळ असलं की होडी ढकलावी लागते, त्यात उतरायची लाज धरू नका. कॅम्प म्हणजे नदीकाठचं उघडं छप्पर, चटया, चूल आणि समोर बेनारात डोंगराचा पांढरा कडा. स्वयंपाक आपला आपण. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघायचं. वाट २.४ किलोमीटर, चढ १२०० मीटर. हा आकडा नीट वाचा. आपण राजहंसगडाला चढतो ते यापुढे अंगणात फिरणं आहे. शेवटच्या चारशे मीटरला शिड्या आणि दोर आहेत, खडकाच्या धारा हाताला कापतात, म्हणून शेतात वापरतो तसले जाड हातमोजे न्या. वर गेल्यावर समोर ४५ मीटर उंचीचे चुनखडीचे सुळके उभे दिसतात, हिरव्या रानातून वर आलेले.

पहिल्या खेपेला मी तिथे पोचलो नाही. वाटेत एका ठिकाणी ठरलेल्या वेळेच्या आत यावं लागतं, नाही आलं तर परत फिरवतात. मी बारा मिनिटं उशिरा आलो. गाईडनं घड्याळ दाखवलं आणि हाताने खाली म्हणाला. मी हुज्जत घातली, पैसे भरलेत म्हणालो. तो काही बोलला नाही, पाणी दिलं आणि माझ्यापुढे उतरायला लागला. अर्ध्यावर आलो आणि पाऊस आला. मुळं साबणासारखी झाली, जिथे सकाळी सहज पाय टाकला होता तिथे बसून उतरावं लागलं. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो सगळ्यांनाच जास्त लागतो. शिडीवर असताना तो पाऊस आला असता तर काय झालं असतं, हे मला त्या मुळांवर कळलं. संध्याकाळी कॅम्पवर त्याची माफी मागितली. तीन वर्षांनी दुसऱ्या खेपेला वर पोचलो. त्याआधी दोन महिने रोज पहाटे त्याच राजहंसगडावर सॅकेत दहा किलो घालून चढत होतो. तुम्हीही आत्तापासून सुरू करा, नंदगडच्या आसपास चढ काय कमी नाहीत.

जळवांची भीती घेऊ नका, तुम्हाला ती आहेच ओळखीची. फक्त एक फरक: आपल्याकडची बहुतेक पायाखालून चढते, तिथली पट्टेरी जळू पानावर बसलेली असते आणि कमरेला, मानेला लागते. चावल्याचं कळतं. नखाने कडेकडेने सोडवा, ओढू नका. तंबाखूचं पाणी, मीठ जे वापरता ते चालेल. गुहांमधल्या वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीनं फुप्फुसाला संसर्ग होऊ शकतो, कुणाला दमा असेल तर मास्क आणि डॉक्टरांचा सल्ला दोन्ही घ्या. पायाला जखम असताना चिखलात आणि नदीत हिंडू नका. वटवाघूळ खाली पडलेलं दिसलं तरी हात लावायचा नाही.

सामान: जितकं कमी तितकं बरं. मिरीहून मुलूचं विमान लहान, एटीआर, अर्ध्या तासाचं, आणि सामानाची मर्यादाही तशीच. सुती काही नको. एक कोरडा जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तो फक्त झोपताना. बूट नवे महागडे घेऊ नका. मिरीच्या बाजारात खाली गुठळ्या असलेले काळे रबरी बूट स्वस्तात मिळतात, तिथले लोक त्यांना गमतीने गावठी आदिदास म्हणतात, ओल्या खडकावर त्यांच्याएवढं काही धरत नाही. कॅम्पसाठी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पोहे न्या. दोन वाट्या भातावर मेतकूट आणि समोर तो कडा, माझ्या आठवणीत हे जेवण वरच्या सुळक्यांइतकंच आहे. मिरीतूनच रोख रिंगिट, म्हणजे मलेशियाचे पैसे, काढून न्या.

बुकिंगचा क्रम उलटा करू नका. आधी पार्कमधली राहायची जागा आणि पिनॅकल्सची जागा, तिथे माणसं मोजकीच घेतात. मग मिरी-मुलू विमान. मग क्वालालंपूर-मिरी. बेंगळुरूहून क्वालालंपूरचं तिकीट शेवटी. मलेशियात एकदा शिक्का बसला तरी सारावाकला उतरल्यावर पुन्हा पासपोर्ट तपासतात, त्याने घाबरू नका. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी एकदा बघून घ्या. माझा हिशेब असा: मुलूला सहा रात्री, त्यातल्या दोन कॅम्पवर, आणि उरलेल्या चारही संध्याकाळी वटवाघळांसाठी मोकळ्या.

एक दिवस उरला तर मिरीहून निआहच्या गुहांना जा, रस्त्याने दोन-एक तास. तिथे वाटाडा नसला तरी चालतो, टॉर्च मात्र चांगला हवा. १९५८ साली तिथे माणसाची कवटी सापडली, साधारण चाळीस हजार वर्षांपूर्वीची. २०२४ साली निआह जागतिक वारशात गेलं, मुलू २००० सालीच गेलं होतं. गुहेच्या छतापासून बारीक खांब लोंबताना दिसतील, पाकोळ्यांची घरटी काढणारी माणसं त्यावरून वर चढतात. मान दुखेपर्यंत बघत राहाल.

परत आल्यावर बूट, सॅक, टॉर्चचा पट्टा सगळं घासून धुवा आणि कडकडीत वाळवा. एका गुहेची माती दुसऱ्या गुहेत न्यायची नाही, आणि तुमचं घर तर भीमगडच्या दारात आहे. तारखा ठरल्या की इथेच कळवा. जळवांचे मोजे बेळगावात मिळत नाहीत, माझ्याकडे दोन जोड पडून आहेत. शनिवारी मी खानापूरला असतो, स्टेशनवर आणून देतो.