पैसा कापसाचा, जेवण विकतचे

वाचकांचे प्रश्न : जमीन, हवामान आणि घरखर्च

प्रश्न : दिग्रस तालुक्यात (जि. यवतमाळ) आमची सहा एकर काळी जमीन असून आम्ही कापूस, तूर आणि सोयाबीन घेतो. मुलगी लाखनीकडे (जि. भंडारा) दिलेली आहे, त्यांची जेमतेम दीड एकर बांधी (भाताचे शेत) आहे. दुकानातले भाव दोन्हीकडे सारखेच, तरी घर चालवायला आम्हालाच जास्त पैसा लागतो. असे का?

उत्तर : दुकानातला भाव हा घरखर्चाचा एक भाग झाला. ताटातले किती जिन्नस दुकानातून आणावे लागतात आणि ते आणायच्या वेळी हातात पैसा असतो की नाही, यावर त्याहून अधिक अवलंबून असते. या दोन्ही बाबतींत आपले आणि आपल्या व्याह्यांचे गणित वेगळे आहे, आणि तो फरक पायाखालच्या खडकापासून सुरू होतो.

यवतमाळसह पश्चिम विदर्भाचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेल्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. त्याची झीज होऊन तयार झालेली माती पावसाची ओल धरून ठेवते, त्यामुळे ओलिताची सोय नसतानाही जूनमध्ये लावलेली कपाशी जानेवारीपर्यंत तग धरते. भंडाऱ्याकडचा खडक याहून फार जुना आणि कठीण आहे, माती हलकी आहे, पाऊस मात्र १२०० ते १४०० मिलिमीटरच्या घरात पडतो. अशा जमिनीत उतारावर पाळ घातली की पाणी साठते, हे ओळखून गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने तिथे असंख्य तळी बांधली. १९५१ मध्ये मालगुजारी (जमीनदारांमार्फत सारा वसूल करण्याची पद्धत) संपल्यावर ती सरकारकडे आली आणि माजी मालगुजारी तलाव म्हणून ‘मामा तलाव’ या नावाने रूढ झाली. कितीतरी तळी आता गाळाने भरली आहेत. तरीही तळ्याखाली जे पिकते ते धान (भात) आहे, म्हणजे विकायचे पीक आणि खायचे पीक तिथे एकच आहे.

आपले मुख्य पीक खाता येत नाही. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची गरज पडली, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, आणि तेव्हापासून या भागाच्या घरखर्चाची दोरी परदेशी बाजाराला बांधली गेली. तरीसुद्धा गेल्या पिढीपर्यंत कापसाच्या जोडीला ज्वारी असे. माझ्या मते आपल्या प्रश्नातला खरा नुकसानीचा भाग ज्वारी जाण्यात आहे, आणि त्याचा हिशेब कोणी नीट मांडत नाही. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले ते रोख पैसा लवकर हाती येतो म्हणून; शिवाय पाखरे आणि रानडुकरे यांच्यापासून ज्वारी राखणे अवघड झाले होते, त्यामुळे शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पण ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातली जनावरे कमी झाली, आणि जनावरांबरोबर घरचे दूध, शेणखत आणि बैलजोडी गेली. आज दुधाची पिशवी, रासायनिक खताचे पोते आणि ट्रॅक्टरचे भाडे असे तीन खर्च आपल्या वहीत वेगवेगळ्या पानांवर असतील. त्यांचे मूळ मात्र बऱ्याच अंशी एकच आहे. गुढीपाडव्याला सालदार (वर्षभरासाठी ठेवलेला गडी) ठरवताना पूर्वी धान्यही ठरत असे, आता बहुतेक सगळे रोखीत द्यावे लागते.

दुसरी गोष्ट वेळेची. कापूस आणि तुरीचा पैसा साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतो आणि पीककर्जाच्या परतफेडीसाठी मार्चअखेरची तारीख समोर असते. म्हणून तूर खळ्यावरूनच विकली जाते आणि श्रावणात त्याच तुरीची डाळ दालमिलचा आणि व्यापाऱ्याचा वाटा मोजून विकत आणली जाते. जूनमध्ये बियाणे, खत आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च एकदम अंगावर येतो. त्या वेळी कृषी केंद्राची उधारी घेतली, की आपल्यापुरता दुकानाचा भाव खरोखरच वाढलेला असतो. वर्षाच्या खाण्यापुरती तूर घरी ठेवून जात्यावर भरडणे आणि एखादा एकर ज्वारीला देणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

लाखनीचे घर सुखात आहे, असा मात्र यावरून अर्थ काढू नये. तिथला खर्च कमी दिसतो, कारण खाण्याचा मोठा भाग पैशात मोजलाच जात नाही. दवाखाना, शिक्षण किंवा लग्न निघाले की दीड एकराचा धान पुरत नाही, आणि धान निघाल्यावर मजुरीसाठी बाहेर पडणारी माणसे त्या भागात पुष्कळ आहेत.

प्रश्न : दर्यापूर तालुक्यात (जि. अमरावती) घर बांधायचे आहे. मिस्त्री पायाचाच खर्च फार सांगतो आणि बांधकामाला बोअरचे पाणी चालणार नाही म्हणतो. तो फसवतो आहे का?

उत्तर : पाण्याबाबत मिस्त्री बरोबर आहे. आपला तालुका पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागात येतो. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे स्लॅब आणि कॉलममधील सळई गंजते. म्हणूनच सळईच्या काँक्रीटसाठी भारतीय मानकाने क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम ठेवली आहे. बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, आणि ते मर्यादेबाहेर निघाले तर टँकरचा खर्च गृहीत धरावा.

पायाचे कारणही जमिनीतच आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया टाकला तर तीन-चार वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून भिंत तडकते. यवतमाळकडे खोदत गेल्यावर बऱ्याच ठिकाणी मुरूम लागतो, पण पूर्णेच्या गाळाच्या थरात तो सहसा हाती लागत नाही. तेव्हा काळी माती काढून बाहेरून आणलेला मुरूम दाबून भरणे किंवा खाली फुगीर बुंध्याचे खांब टाकून त्यांवर बीम बांधणे, असे उपाय करावे लागतात. यांपैकी कोणता, हे अभियंत्याने जागा पाहून ठरवावे. मुरमाची किंमत कमी आणि वाहतूक जास्त असते, म्हणून दर ठरवताना गाडीभाडे धरून विचारावे.

प्रश्न : वीज आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात तयार होते, धूळही आम्हीच खातो, मग उन्हाळ्याचे बिल आम्हाला कमी का येत नाही?

उत्तर : वर्धा खोऱ्यातील कोळशामुळे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आपल्याकडे उभे राहिले, परंतु महावितरणचे दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते जिल्ह्यानुसार बदलत नाहीत. आपली तक्रार मला रास्त वाटते. सध्याच्या दररचनेत मात्र तिला जागा नाही. बिल फुगते ते टप्प्यामुळे, कारण घरगुती वापर महिन्याला १०० युनिटांच्या वर गेला की पुढच्या युनिटांना चढा दर लागतो. २०० वॅटचा कूलर रोज बारा तास चालला तर महिन्याला ७२ युनिटे होतात, म्हणजे एरवी पहिल्या टप्प्यात बसणारे घर मे महिन्यात सहज दुसऱ्या टप्प्यात जाते. त्यातल्या त्यात आपला उन्हाळा कोरडा आहे, म्हणून कूलरवर भागते. कोकणातल्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही. कूलर खिडकीबाहेर ठेवून समोरची खिडकी उघडी ठेवावी. दारे-खिडक्या बंद करून तो चालवला तर खोलीत दमटपणा साचतो, गारवा कमी होतो आणि मीटर तेवढाच फिरतो.