जवान गमावलेल्या फायर स्टेशनला आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे भेट द्यायची आहे. काय बोलावं, कोणतं वचन वाचावं?

तुम्ही लिहिलंय की मंडळीतले सात-आठ जण जाणार आहात, अर्ध्या तासाचा कार्यक्रम आखलाय, गीत, शास्त्रपाठ, प्रार्थना आणि शेवटी फुलं. मी बरीच वर्षं अशा भेटींना जातोय, म्हणून स्पष्टच सांगतो: कार्यक्रम रद्द करा आणि दोघंच जा.

पहिल्या भेटीत मी स्वतः माती खाल्ली होती, ते आधी सांगतो. मजला कोसळून एक जवान आत अडकला होता. चौथ्या दिवशी आम्ही पाच जण स्टेशनवर गेलो. मी मोठ्या तयारीनं बायबलमधला यशयाचा ४३ वा अध्याय निवडला होता. पाण्यातून, नद्यांतून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, इतकं चांगलं वाचून झालं. पुढचे शब्द तोंडातून निघता निघता माझ्या लक्षात आलं की मी काय वाचतोय: अग्नीतून चालशील तरी तू भाजणार नाहीस. समोर बसलेल्या माणसानं चार दिवसांपूर्वी आपल्या सोबत्याला त्या ढिगार्‍यातून बाहेर काढलं होतं. तो काही बोलला नाही. उठला, फडकं घेतलं आणि बंब पुसायला गेला. बंब आधीच लख्ख होता.

वचन खोटं नव्हतं. ते कोणासमोर आणि कधी वाचायचं, एवढंही मला कळलं नव्हतं. दानीएलातली भट्टीची गोष्टही तशीच. राजानं पेटत्या भट्टीत टाकलेले शद्रख, मेशख, अबेद्नगो तिघंही केसाला धक्का न लागता बाहेर आले, हे ऐकताना ज्यांचा माणूस बाहेर आला नाही त्यांच्या मनात काय येत असेल? योहान १५:१३, मित्रांसाठी प्राण देण्याइतकी मोठी प्रीती नाही, हे अंत्यविधीत नेहमी वाचतात. तिथे ते शोभतं, घरच्यांना आधारही देतं. पण स्टेशनच्या टेबलापाशी, पहिल्याच आठवड्यात, बचावलेल्या सोबत्यांच्या कानांना ते वेगळं ऐकू येतं: त्यानं दिला, मग मी का नाही? कोणी वाचायला सांगितलंच तर १३ वं स्तोत्र वाचा. ‘किती वेळ?’ असं देवालाच विचारणारं ते स्तोत्र सहा ओव्यांत संपतं. किंवा योहान ११. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू आधी रडला, हे मला अजून चकित करतं.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आपल्याकडे बदनाम आहेत, पण सुरुवातीचे सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

मग बोलायचं काय? गेलेल्याचं नाव घ्या. ‘तो’, ‘दिवंगत’ असं नको, हाक मारायचं नाव. तो कसा होता, हे विचारलंत तर बहुधा कोणीतरी हसून एखादी खोडी सांगेल, आणि मग बाकीचेही बोलू लागतील. ‘नेमकं कसं झालं?’ हे मात्र कधीच विचारू नका. एक तर चौकशी चालू असते, आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जेफ्री मिचेल या माजी फायरमननं १९८३ साली एक पद्धत मांडली होती: अशा घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून अनुभव बोलून काढायचा. ती खूप पसरली. पुढे एकेकट्याला एकदाच बसवून असं बोलतं करण्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा नंतरचा मानसिक त्रास त्यानं टळत नाही, काहींना तर उलट अपाय होतो, असं दिसलं. तेव्हा उकरू नका. कोणी आपण होऊन सांगितलं तर मध्ये न बोलता ऐका.

प्रत्येक मृत्यू ज्वाळांत होतो असंही नाही. अमेरिकेत कर्तव्यावर गेलेल्या फायरमनपैकी जवळजवळ निम्मे अचानक हृदय बंद पडून जातात. म्हणजे सोबत्याच्या छातीवर दाब देत राहिलेले हात त्याच टेबलावर तुमच्यासमोर असतात. ‘तुम्ही शक्य ते सगळं केलंत’ असं घाईनं म्हणू नका. तुम्ही तिथे नव्हता, हे त्यांना माहीत असतं.

थोडं व्यवहाराचं. आधी फोन करून अधिकार्‍याला विचारा, आणि घटनेच्या दिवशी ड्यूटीवर असलेली शिफ्ट आता कधी असते तेही. गाडी बंबाच्या दारासमोर लावू नका. कॉल आला तर भिंतीला चिकटून उभे राहा. प्रार्थना अर्धी राहिली तर राहू द्या. त्याचं हेल्मेट, कोट, टेबलापाशची त्याची खुर्ची यांना हात लावू नका. फोटो नको. सुवार्तेच्या पत्रिका तर अजिबात नकोत. स्टेशनमध्ये सगळ्या धर्मांचे आणि कुठलाच न मानणारेही लोक असतात, आणि दुःखात असलेल्या माणसाला गाठणं ही सेवा नव्हे. प्रार्थना करायची तर आधी ‘चालेल का?’ असं विचारा, आणि ‘नाही’ आलं तर चेहरा पाडू नका.

या कामात मला मायकल जज यांची फार आठवण येते. फ्रान्सिस्कन धर्मगुरू, १९९२ पासून न्यू यॉर्क अग्निशमन दलाचे चॅप्लेन, म्हणजे दलासाठी नेमलेले धर्मगुरू. १० सप्टेंबर २००१ ला ब्राँक्समधल्या एका फायर स्टेशनमध्ये त्यांनी प्रवचन केलं. कॉल लहान असो की मोठा, देव तुम्हाला कशासाठी बोलावतोय हे तुम्हाला ठाऊक नसतं, असा त्याचा आशय होता. दुसर्‍या दिवशी वर्ल्ड ट्रेड सेंटरवर हल्ला झाला, तेव्हा ते तिथल्या उत्तर टॉवरच्या लॉबीत जवानांसोबत होते आणि तिथेच गेले. मृतांच्या अधिकृत नोंदीत त्यांचा क्रमांक पहिला. दलाचे ३४३ जण त्या दिवशी गेले. पण स्टेशनवाल्यांना ते आपले वाटत ते त्या शेवटच्या दिवसामुळे नव्हे. आधीची नऊ वर्षं ते येत-जात राहिले होते.

तिथून जवळच असलेलं सेंट पॉल्स चॅपल पुढे कित्येक महिने ढिगारा उपसणार्‍यांसाठी दिवसरात्र उघडं होतं. जेवण, खाटा, पाय दुखतात म्हणून मालीश. जवान बूट घालूनच बाकांवर झोपत आणि बाकांच्या रंगावर ओरखडे उठत. माझ्या मते त्या काळातलं सगळ्यात चांगलं प्रवचन ते ओरखडे होते.

म्हणून तुमच्या खर्‍या भेटी अंत्यविधीनंतर सुरू होतात. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात, दीड महिन्यानं कोणी येत नाही. तेव्हा जा. पुढच्या मोठ्या आगीनंतर जा, वर्षदिनाला जा. ४ मेला, म्हणजे अग्निशामकांच्या आंतरराष्ट्रीय दिवशी, जा. तो अग्निशामकांचे आश्रयदाते मानल्या जाणार्‍या संत फ्लोरियनचा दिवस. ऑस्ट्रेलियात लिंटनच्या वणव्यात १९९८ साली ५ जवान गेले, त्यानंतर तो पाळला जाऊ लागला. आणि एका माणसाला आवर्जून शोधा: त्या दिवशी ज्यानं गेलेल्याशी ड्यूटी बदलून घेतली होती तो. असा कोणी ना कोणी असतो आणि बहुतेक वेळा गप्प असतो. कोणाच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा किंवा मरणाची ओढ आली तर प्रार्थना करून समाधान मानू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी अधिकार्‍याला किंवा डॉक्टरला सांगा. गुप्तता राखण्याचं वचन अशा वेळी मोडावं लागतं, म्हणून ते आधी देऊच नये.

तो बंब पुसणारा माणूस पाचव्या भेटीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. पाचव्या वेळी त्यानं दुसरं फडकं माझ्याकडे फेकलं. आम्ही दोन्ही बाजू पुसल्या. बोलणं त्या दिवशीही झालं नाही.

फुलांचं विचारलंत. आत्ता नेऊ नका. दाराशी आधीच इतकी साचली असतील की बंब काढताना बाजूला करावी लागत असतील. दीड महिन्यानंतरच्या भेटीत न्या.