दहावीला 94, आणि अमेरिकेत ‘सी मायनस’

“मॅडम, दहावीला इंग्रजीत 94 मार्क होते हो तिला. तिकडं जाऊन महिनाभरात इंग्रजी विसरली का पोर?”

लातूरहून फोन होता. मुलगी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाला. (मुलीचं नाव इथे सई ठेवते. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.) इंग्रजी लेखनाच्या वर्गात पहिल्याच निबंधाला सी मायनस मिळाला होता. चारच्या मोजपट्टीवर त्याचे 1.7 होतात आणि तिची स्कॉलरशिप टिकायला सरासरी 3 लागते. वडिलांची झोप उडाली होती आणि मुलगी फोन उचलत नव्हती.

हा प्रश्न घेऊन दर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कुणी ना कुणी येतंच. इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर, काहीही शिकायला गेलेलं असो, अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी लेखनाचा एक कोर्स करावाच लागतो. आपली हुशार मुलं नेमकी तिथे ठेचकाळतात.

सई व्हिडिओ कॉलवर आली तेव्हा पहिलं वाक्य होतं, “मी इथं चुकून आलेय, ताई.” मी विचारलं, सरांनी काय लिहिलंय निबंधावर? तिला माहीतच नव्हतं. श्रेणीचं अक्षर बघून तिने लॅपटॉप मिटला होता, त्याला अकरा दिवस झाले होते. शेरे उघडायचा धीर झाला नव्हता. मग आम्ही दोघींनी मिळून ते उघडले.

विषय होता पाणी: तो हक्क की विकाऊ वस्तू? सुरुवात अशी: ‘पाणी हेच जीवन. अनादी काळापासून मानव पाण्यावर अवलंबून आहे.’ पुढे एक सुविचार, मग फायदे, तोटे आणि शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी पाणी वाचवले पाहिजे’. इंग्रजी स्वच्छ होतं. समासात मात्र चारच शेरे होते: ‘असं कोण म्हणतं?’, ‘कुठे?’, ‘तुझं म्हणणं काय?’ आणि एका परिच्छेदाशेजारी नुसतंच ‘ऑकवर्ड’, म्हणजे वाक्य अवघडलंय.

मार्क कशाला किती, याचा तक्ता कोर्सच्या कागदपत्रांत पहिल्या दिवसापासून होता. तिथे त्याला रुब्रिक म्हणतात. आम्ही तो शेजारी उघडून ठेवला. 100 पैकी 30 स्वतःच्या ठाम म्हणण्याला, 30 पुराव्याला, 20 मांडणीला, 10 भाषेच्या वळणाला, 10 व्याकरण-विरामचिन्हांना. सईने ज्यावर जीव ओतला होता, ते सगळं मिळून 20 मार्कांचं होतं.

तक्ता प्रत्येक शिक्षकाचा वेगळा असतो, पण झुकाव बहुधा असाच. आपल्याकडे परीक्षेचा निबंध म्हणजे सुवाच्य अक्षर, अलंकारिक सुरुवात, चुका कमी आणि शेवटी तात्पर्य. मुलांनी मेहनतीने कमावलेली ही सवय आहे. तिला आळस किंवा घोकंपट्टी म्हणून हिणवलेलं मला आवडत नाही. फक्त तिथला वाचक दुसऱ्याच गोष्टी शोधत असतो.

सईने मग खरा प्रश्न विचारला. “दुसऱ्या सरांनी तपासला असता तर जास्त मिळाले असते का?”

मिळाले असते, कदाचित. 1961 साली अमेरिकेत पॉल डिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांचे 300 निबंध 53 वाचकांना दिले होते. शिक्षक, वकील, संपादक, शास्त्रज्ञ असे सगळे त्यांत होते. श्रेणी 1 ते 9. त्यांतल्या 101 निबंधांना एकपासून नऊपर्यंत प्रत्येक श्रेणी कुणी ना कुणी दिलेली निघाली! कुणी विचार बघत होतं, कुणी व्याकरण, कुणी मांडणी, कुणी शब्दांची निवड, कुणी लेखणीतली चव. विचार बघणाऱ्यांचा गट सगळ्यांत मोठा होता. अशीच ओढाताण होऊ नये म्हणून तर रुब्रिक आधी हातात देतात.

हे ऐकून सई रडली. अकरा दिवस ती त्या एका अक्षराला स्वतःची लायकी समजत होती.

शिक्षकांचीही बाजू मी डोळे झाकून घेत नाही. ‘ऑकवर्ड’ एवढाच शेरा मारून पोराने काय करायचं? नॅन्सी सॉमर्स यांनी 1982 मध्ये शिक्षकांच्या शेऱ्यांचा अभ्यास मांडला. त्यांतले कितीतरी शेरे एका निबंधावरून उचलून दुसऱ्यावर चिकटवले तरी चालतील, इतके मोघम होते. म्हणून सईला सांगितलं, ऑफिस अवर्सना, म्हणजे सर विद्यार्थ्यांना भेटायला राखून ठेवतात त्या वेळेत, जा. ‘मार्क कमी का?’ असं विचारू नकोस. ‘हे वाक्य वाचताना तुम्ही कुठे अडलात?’ असं विचार. ती घाबरत गेली. सरांनी वीस मिनिटं दिली आणि निबंध पुन्हा लिहून द्यायची मुभा असल्याचं सांगितलं. तेही त्या कागदपत्रांत होतंच.

पुढच्या कॉलला मी एवढंच म्हटलं, “अगं, तू लातूरची ना? 2016 च्या दुष्काळात कुठे होतीस?”

ती एकदम बोलायला लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर. ती तेव्हा नऊ वर्षांची. बाबांच्या खांद्यावरून गाडी बघितलेली. आणि तरीही त्यांच्या गल्लीत पाणी येईना, टँकरच्या रांगेत आजीने घागरींवर खडूने नंबर टाकलेले. ज्यांच्याकडे मोठी टाकी होती त्यांचं एका खेपेत भागायचं. ज्यांच्याकडे घागरी होत्या ते पुन्हा रांगेत.

“हे का नाही लिहिलंस?”

“हे... निबंधात चालतं?”

दुसऱ्या खर्ड्याचं पहिलं वाक्य तिने मला वाचून दाखवलं. पाणी शहरापर्यंत पोहोचणं आणि घरापर्यंत पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हक्काची भाषा बोलणारे बहुतेकदा पहिलीवरच थांबतात, अशा अर्थाचं. रेल्वेचे आकडे तिने त्या वेळच्या बातम्यांतून काढून संदर्भासह दिले. विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमध्येही, म्हणजे लेखनाला मदत करणाऱ्या केंद्रात, ती दोनदा जाऊन आली. ते फुकट असतं, तरी आपली मुलं तिकडे फिरकत नाहीत, ‘कच्च्या मुलांसाठी असेल’ असं समजून.

बी प्लस मिळाला. इंग्रजीतले ‘द’ (the) तीन ठिकाणी राहून गेले होते, सरांनी नुसते गोल केले. वडिलांना मी कळवलं तेव्हा ते म्हणाले, “ए नाही का?” त्यांच्याशी बोलायला वेगळा अर्धा तास लागला.

सईने समासाचा फोटो पाठवला होता. घागरींच्या वाक्याशेजारी सरांनी लिहिलं होतं, ‘एका घागरीत किती पाणी मावतं?’ तिने त्याच रात्री आजीला फोन लावला. लातूरला सकाळ झाली होती. आजीने आधी विचारलं, जेवलीस का, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन घागर तांब्याने मोजून भरली.