घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे, सुपरमार्केटची मोठी ऑर्डर आली आहे. कर्ज काढून व्यवसाय वाढवावा का? वाढीचं नियोजन कसं करतात?

घेऊ नका ती ऑर्डर. निदान त्यांच्या अटींवर तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की महिन्याला सव्वा लाखाची विक्री आहे, सुपरमार्केटवाले महिन्याला 3 लाखांचा माल मागतायत, पैसे 60 दिवसांनी देणार, आणि बँक कर्ज द्यायला तयार आहे. बाकीच्यांनी तुम्हाला "अभिनंदन, आता मागे वळून बघू नका" असं लिहिलंय. त्यांतल्या एकाने तरी कधी पोत्याने मिरची घेतली असेल असं वाटत नाही.

मी कोल्हापूरची. आमचा डंक आहे, म्हणजे मिरची-मसाला कुटून देण्याची गिरणी, आणि त्याला जोडून तयार कांदा-लसूण चटणीचा धंदा. डंकाचं गणित सोपं. फेब्रुवारी ते मे बायका आपापली मिरची, खोबरं, खडा मसाला घेऊन येतात, आम्ही कुटून देतो, मजुरी रोख. माल त्यांचा, भांडवल त्यांचं. तयार चटणीचं उलटं आहे. मिरची हंगामात घ्यायची आणि ती विकत बसायची वर्षभर. पैसा खातो तो हा दुसरा धंदा, आणि वाढवायचा म्हटलं की सगळ्यांना नेमका हाच वाढवायचा असतो.

2023 च्या हंगामात आमच्याकडेही असाच एक खरेदी अधिकारी आला होता. चटणी चाखली, बोटं चाटली, आणि सगळ्या शाखांना माल द्या म्हणाला. आमचे थोरले भावजी तेव्हा घरीच होते. ते बँकेतून निवृत्त झालेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाच्या फायली हाताळल्या, त्यामुळे कर्ज म्हटलं की त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी कागद मांडला. जागा तारण, कॅश क्रेडिट (लागेल तसं उचलायचं खेळत्या भांडवलाचं कर्ज) घ्यायचं, वर्षाची सगळी ब्याडगी मिरची कर्नाटकातल्या ब्याडगीच्या बाजारातून एकदम उचलून तिकडच्याच शीतगृहात ठेवायची, म्हणजे दर वाढले तरी आपल्याला फरक नाही. मी नको म्हटलं तर म्हणाले, "एवढी शिकलेली असून तू कायम डंकावरच बसणार का?"

हे वाक्य मला लागलं. अजून लागतं. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी त्यांच्याच कागदाच्या मागच्या बाजूला हिशेब लिहिला. तुमच्या आकड्यांवर पुन्हा मांडते. 60 दिवस म्हणजे 60 दिवस नसतात. माल त्यांच्या गोदामात उतरतो, त्यांच्या संगणकावर चढतो, मग दिवस मोजायला सुरुवात होते. अडीच महिने धरा. महिन्याला 3 लाख म्हणजे साडेसात लाख रुपये कायम त्यांच्याकडे अडकलेले. त्यात तुमचा नफा 15 टक्के धरला (हा मी उदार होऊन धरतेय), तर महिन्याला 45 हजार सुटतील. पण साडेसात लाखांच्या मालात तुमच्या खिशातले 6 लाख 37 हजार गेलेले असतील. म्हणजे चौदा महिन्यांचा नफा त्यांच्याकडे ठेवल्यावर तुम्ही शून्यावर येणार. त्यांनी ऑर्डर दुप्पट केली की हेही दुप्पट. हंगामात भरून ठेवलेली मिरची यात धरलेलीच नाही. आणि बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला जीएसटी भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत.

बँक याला पैसे देते, खरं आहे. पण दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा आणि येण्याचा हिशेब द्यायचा, मालाच्या किमतीतले साधारण 25 टक्के आपल्या खिशातून घालायचे, आणि येणं 90 दिवसांच्या वर जुनं झालं की बँक ते बहुतेक वेळा धरतच नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे थकवले की त्याच महिन्यात बँकही हात आखडते. हे भावजींना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी म्हणाले, "धंदा म्हटला की उधारी आलीच."

ऑर्डर आम्ही सोडली. ती आमच्याच भागातल्या एका मसालेवाल्याने घेतली. तो बुडाला वगैरे नाही, उगाच रंगवून सांगत नाही. चांगला चाललाय, टेम्पो आहे, बोर्ड मोठा आहे. पण मिरची महागली तरी त्याला दर वाढवून मिळत नाही. मुदत संपलेली पाकिटं परत येतात, आणि 'एकावर एक मोफत' लावलं की त्यातला अर्धा भार डेबिट नोट होऊन त्याच्या नावावर पडतो, म्हणजे तेवढे पैसे त्याच्या बिलातून कापले जातात. त्याच्या धंद्याचा आकार आता दुसरं कोणी ठरवतं.

मिरची मी त्या वर्षी लागेल तेवढीच घेतली, तीही थोडी ब्याडगी आणि बाकी गडहिंग्लजच्या बाजारातली. पुढच्याच हंगामात, मार्च 2024 मध्ये, ब्याडगीला दर असे कोसळले की शेतकऱ्यांनी बाजार समितीच्या कार्यालयावर हल्ला केला, गाड्या पेटवल्या. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. शीतगृहात ज्यांची जुनी मिरची पडून होती त्यांनीही बघितलं. भावजी म्हणतात तुझं नशीब. असेल. मी दराचा अंदाज बांधला नव्हताच. मला एवढंच कळत होतं की व्याजाच्या पैशाने भरलेल्या मिरचीवर झोप लागणार नाही.

कायद्याचं कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, करून ठेवा, फुकट आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाला 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात, करार नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. 2024-25 च्या आकारणी वर्षापासून तर मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. म्हणजे तुमच्याकडे मागितलेली 60 दिवसांची अटच कायद्यात बसत नाही. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर येत नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा कायदा भांडायला वापरू नका, बोलणी करताना टेबलावर ठेवा.

मग आम्ही वाढलो कसे? डंकाच्या रोख मजुरीतून मिरची घेतली. खानावळी धरल्या, त्या आठवड्याला पैसे देतात, कारण त्यांना पुढच्या आठवड्यात चटणी लागतेच. पुण्या-मुंबईतले कोल्हापूरकर आधी फोनपे करतात, मग कुरिअर जातं. पल्व्हरायझर (मसाला बारीक दळायचं मशीन) मात्र कर्जाने घेतला, प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून (35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख). मशीनला कर्ज घ्यायला माझी कधीच हरकत नव्हती, हे भावजी सोयीने विसरतात. मशीन रोज कमावतं, अडकलेलं बिल काही कमावत नाही.

आणि एक गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. चटणीचं प्रमाण माझ्या हातात होतं, मुठीने मीठ, नजरेने खोबरं. मी एका लग्नाला गेले तर डंक बंद. शेवटी एक किलो मिरचीला काय-काय किती ग्रॅम ते सगळं लिहून भिंतीवर लावलं, देठ खुडल्यावर आणि उन्हात वाळवल्यावर वजन किती घटतं तेसुद्धा, आणि आमच्याकडच्या एका मावशींच्या हातात वजनकाटा दिला. खरी वाढ तिथून सुरू झाली. तुमच्याकडे हे झालंय का ते प्रश्नात लिहिलेलं नाही.

आता, माझं सगळंच सगळ्यांना लागू होत नाही. तुम्ही कारखान्याला सुटे भाग देत असता तर उधारीशिवाय गत्यंतर नव्हतं. नवरा-बायको दोघांपैकी एकाचा पगार चालू असेल तर थोडी जोखीम परवडते. आणि 2024 ला दर पडण्याऐवजी चढले असते तर मिरचीच्या बाबतीत भावजी बरोबर ठरले असते, हे मान्य. उधारीच्या बाबतीत तरीही नाही.

ऑर्डर सोडवतच नसेल तर फक्त दोन-तीन शाखांना माल द्या, 30 दिवस लेखी घ्या, आणि न खपलेला माल परत घेणार नाही हे आधीच लिहून घ्या. ते नाही म्हणाले तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. मशीनचं कोटेशन घेताना थ्री फेज लागतो का ते विचारा आणि वीज जोडणीचा अर्ज आधी टाका. नाहीतर मशीन दारात येऊन पडेल आणि हप्ता सुरू होईल.