ग्राफिक्स कार्ड काढल्यावर मशीन नीट चालतं, म्हणून कार्डच गेलं असं धरून चालू नका

भाऊ, स्क्रीनवर रेघा येतात, ग्राफिक्स कार्ड काढलं की मशीन चालतं आणि दुकानदार नवीन कार्ड घ्यायला सांगतो, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझा २०१८ चा मे महिना आठवला. २०१४ चा डेस्कटॉप, जीटीएक्स ७५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड, दुपारी स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी रेघा, मग अंधार, आवाज मात्र चालूच. कार्ड काढून केबल मदरबोर्डला लावली की सगळं ठीक. आणि दुकानदार म्हणतो, नवीन कार्ड घ्या. शब्दन् शब्द माझीच गोष्ट.

सेफ मोडमध्ये ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पुसून परत टाकणं, कार्डचे पाय खोडरबराने साफ करणं, हे तुम्ही केलंच असेल, त्यात जात नाही.

मी जी चूक केली ती सांगतो. कार्ड काढल्यावर मशीन चालतं म्हणजे दोष कार्डात, हे मला इतकं उघड वाटलं की पुढे विचारच केला नाही. पण कार्ड काढलं की एसएमपीएसवरचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा, साठेक वॅटचा भारही उतरतो! थकलेला एसएमपीएस तेवढ्यानेच सावरतो आणि आळ कार्डावर येतो.

माझं काम लग्नपत्रिकांचं, ऐन सीझन. एका सर्व्हिस सेंटरला कार्ड दिलं. त्यांनी एसीच्या खोलीत, स्वतःच्या चांगल्या मशीनवर दहा मिनिटं चालवलं आणि सांगितलं, कार्ड ओके आहे. मी परत गेलो, तेव्हा "चिप हीट करून देतो" म्हणाले, पैसे घेतले. वीस दिवसांत कार्ड कायमचं बंद पडलं. हॉट एअरने चिप तापवणं ही दुरुस्ती नाही, असं माझं ठाम मत आहे. पूर्ण मशीन आणून देतो, दुपारी पंखा लावून तपासा, असं मी तीनदा विनवलं. ऐकलं नाही, याचा राग अजून आहे. तेव्हा क्रिप्टो मायनिंगमुळे कार्डांचे भाव चढलेले. १०५० टीआय या नव्या कार्डाला चौदा हजार मोजले. पावसाळा, हिवाळा छान गेला. एप्रिलमध्ये पारा ४२ वर गेला आणि त्याच रेघा पुन्हा आल्या.

शेवटी ओळखीच्या एका टीव्ही मेकॅनिकने एसएमपीएस खोलला. पंखा धुळीने पिंजलेल्या कापसासारखा भरलेला, दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग. कॅबिनेटसोबत फुकट आलेला डबा, वर ४५० वॅट छापलेलं. चांगल्या कंपनीचा एसएमपीएस तीन हजारांत आला, आणि तेच १०५० टीआय आजही चालू आहे.

तुम्ही स्वतः एसएमपीएस उघडू नका, प्लग काढला तरी आत करंट साठून असतो. मल्टिमीटर मात्र घ्या. जुन्या चार पिनांच्या कनेक्टरमधली पिवळी आणि काळी वायर, मीटर डीसीवर, आणि मोजायचं कार्डावर भार असताना, रिकाम्या डेस्कटॉपवर नाही. १२ व्होल्टमध्ये पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली गेला तर तो डबा बदलाच. माझा ११.१ दाखवत होता. आकडा ठीक आला तरी एसएमपीएस सुटला असं नाही, कारण क्षणभराची घसरण साध्या मीटरला दिसत नाही. कोणाकडून चांगला एसएमपीएस चार दिवस मागून लावून बघणं सगळ्यात खात्रीचं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ नंबरच्या (डिस्प्ले ड्रायव्हर अडकल्याच्या) नोंदींची वेळही बघा. माझ्या सगळ्या दुपारी एक ते चारमधल्या होत्या. रेघा दिसताना स्क्रीनशॉट घेऊन मोबाइलवर उघडा. त्यात रेघा नसतील तर आधी केबल आणि मॉनिटर बघा. आणि कूलरचा झोत कॅबिनेटवर घेऊ नका. आपल्याकडे सगळे तेच करतात, पण ओलावा आणि धूळ मिळून आत थर बसतो.

नवीन ड्रायव्हरची वाट बघू नका. ७५० टीआयचे नियमित ड्रायव्हर त्याची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलेत.

मी काही हार्डवेअर इंजिनिअर नाही. तुमचं कार्ड खरंच गेलेलंही असू शकतं. विंडोज सुरू व्हायच्या आधी, बायोसच्या स्क्रीनवरच रेघा येत असतील तर माझाही संशय कार्डावरच जाईल. पण चौदा हजार मोजायच्या आधी सकाळी सातचा आणि दुपारी तीनचा व्होल्टेज घ्या आणि दोन्ही आकडे इथे टाका.